शंकारावांची किल्ली-व्यवस्था

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि घरून काम करणारे शंकाराव सोळाव्या हरकतीपर्यंत येऊन पोचले होते. पाचच्या आत ती पाठवायची होती. सॉफ्टवेअरची आवृत्ती निघायच्या दिवशी पाचपर्यंत लेखी हरकत आली नाही तर तपासनिसाची संमती आहे असं धरायचं, हा त्यांच्या ऑफिसचा नियम होता आणि तो करण्यात शंकारावांचाच पुढाकार होता.

शंकाराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलं होतं, आणि बायकोच्या कानावर गेल्यावर तिलाही ते लगेच पटलं होतं. त्यांची कंपनी मोठमोठ्या यंत्रांच्या पोटातल्या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. त्या सिस्टिमच्या अगदी गाभ्यात कर्नेल असतं, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभारी. तिथे शेकडो कामं एकदम चाललेली असतात. दोघांनी एकाच वस्तूला एकदम हात घातला तर घोळ होतो, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूला कुलूप असतं. ज्याला काम आहे त्याने कुलूप ताब्यात घ्यावं, काम उरकावं, कुलूप सोडावं. बाकीच्यांनी तोवर थांबावं. या कुलपांच्या कोडमध्ये कुणीही काडीचा बदल केला तरी तो आधी शंकारावांच्या नजरेखालून जायचा.

पूर्वी ते इतके शंकेखोर नव्हते. गेल्या वर्षी एका शुक्रवारी, पायात बूट घालून झालेले असताना, त्यांनी तीन ओळींचा एक बदल मंजूर करून टाकला होता. तीन ओळींत काय बघायचं! त्या तीन ओळींपायी एका शीतगृहाचं यंत्र दीड दिवस ढिम्म बसून राहिलं आणि अकरा टन आइस्क्रीम वितळलं. ग्राहकाने फोटो पाठवले. ते फोटो ऑफिसातल्या सगळ्यांनी पाहिले. तेव्हापासून शंकाराव गॅस बंद आहे ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायचे, आणि तीन ओळींना तीन दिवस लावायचे.

या वेळचा बदल होता चाळीस ओळींचा, आणि तो केला होता नवीने. नवी ऑफिसात येऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नव्हती, त्यामुळे ती अजून नवीच होती. तिच्या नावाने कर्नेलमध्ये जाणारा हा पहिलाच मोठा बदल. तीन आठवडे तो शंकारावांकडे पडून होता. पहिल्या पंधरा हरकती रिकाम्या ओळी, अपुऱ्या टिपा आणि नावांची लांबी यांवर होत्या. नवीने त्या दात-ओठ खात पण वेळच्या वेळी निस्तरल्या होत्या. सोळावी मात्र खरी होती. जेवण झाल्यावर अचानक ती शंकारावांना दिसली आणि त्यांची सुस्ती उडाली. जुनं काम आधी डिस्कचं कुलूप घेई आणि मग मेमरीचं मागे. नवीचं नवं काम आधी मेमरीचं घेई आणि मग डिस्कचं मागे. दोन्ही कामं एकाच क्षणी आली, तर प्रत्येकाच्या हातात एकेक कुलूप, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा. सोडणार कुणीच नाही. यंत्र ठप्प आणि पुन्हा आइस्क्रीम.

त्यांनी लगेच फोन केला होता. नवीचं उत्तर होतं, "सर, कागदावर होईल हो तसं. पण दोघं नेमके एकाच क्षणी कशाला येतील?"

हे वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय असं शंकारावांना वाटलं, पण कुठे ते आठवेना. मग त्यांनी तिला नीट पटेल असं उदाहरण देऊन हरकत लिहायला घेतली. 'समजा, अ या कामाने' इथवर ते आले आणि घराची बेल वाजली.

दारात पार्सलवाला होता. हातात नुसता कागद.

"सही करा. व्यायामाची सायकल आहे. खाली ठेवलीय."

"खाली? अहो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"वर आणायचं आमच्यात नाही," असं म्हणून सही घेऊन तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेलासुद्धा.

सायकल बायकोने मागवली होती, शंकारावांसाठी. ती स्वतः बहिणीकडे दुसऱ्या गावी गेली होती आणि जेवायच्या वेळेपर्यंत यायची होती. खोकं रस्त्यावर सोडण्यात अर्थ नव्हता. शंकारावांनी समोरच्या दारावर थाप मारली.

समोर दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांचा आज सुट्टीचा दिवस होता. आठवड्यात एकच दिवस मिळतो म्हणून ते त्या दिवशी घरची बेल बंद ठेवायचे आणि आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मॅच बघायचे. पाचव्या थापेला ते बाहेर आले.

"डॉक्टर, जरा हात लावता का? खोकं आहे मोठं."

"चला की!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नियमाप्रमाणे आपलं दार ओढून घेतलं. शंकारावांनीही नियमाप्रमाणे आपलं दार ओढून घेतलं. खट. खट. दोघं जिना उतरू लागले.

हा नियम शंकारावांनीच केलेला होता. दोन्ही घरांच्या दारांना ओढलं की आपोआप लागणारी कुलपं होती. स्वतःची किल्ली आत विसरून माणूस बाहेर अडकायचा, म्हणून शंकारावांनी 'किल्ली-व्यवस्था' नावाचा एक कागद तयार करून दोन्ही दारांच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. कलम एक, आपली जादा किल्ली शेजाऱ्यांकडे आणि शेजाऱ्यांची आपल्याकडे खुंटीला असेल. कलम दोन, जिन्यात पाऊल टाकण्याआधी आपलं दार ओढून घ्यावं. कलम दोन मांजरीमुळे आलं होतं. एकदा डॉक्टर दार उघडं टाकून पाच मिनिटं जिन्यात बोलत राहिले आणि इमारतीतल्या मांजरीने त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर चार पिल्लं घातली.

दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर शंकारावांचा पाय हवेतच राहिला.

"डॉक्टर, तुमच्याकडे किल्ली आहे?"

"नाही. तुमच्याकडे खुंटीला आहे ना."

"आणि माझी?"

"आमच्याकडे खुंटीला."

डॉक्टर आणखी दोन पायऱ्या उतरले आणि मग तेही थांबले. दोघांनी वर पाहिलं. वर दोन बंद दारं समोरासमोर उभी होती. एकाच्या आत दुसऱ्याची किल्ली, दुसऱ्याच्या आत पहिल्याची.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य आधी कुठे ऐकलं होतं ते शंकारावांना त्या पायरीवर आठवलं. ऐकलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. किल्ली-व्यवस्थेचा कागद चिकटवताना बायकोने विचारलं होतं, "आणि दोघंही एकदम बाहेर पडलात तर?" आणि शंकाराव टेप दाताने तोडत म्हणाले होते, "दोघं नेमके एकाच वेळी कशाला बाहेर पडतील?"

आता बाहेर पडलोच आहोत तर खोकं तरी आणू, असं ठरवून त्यांनी ते धापा टाकत वर आणलं आणि दोन दारांच्या मधे ठेवलं. शंकाराव त्यावर मटकन बसले. आत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्यावर 'समजा, अ या कामाने' च्या पुढे कर्सर लुकलुकत असणार होता. फोनही आतच. घड्याळात पावणेचार.

"तुमच्या मिसेसना विचारू या," डॉक्टर म्हणाले. त्यांचा फोन खिशात होता, आणि शंकारावांच्या बायकोची अक्कलदाढ त्यांनीच काढलेली असल्यामुळे नंबरही होता. चौदा वर्षांच्या संसारात शंकारावांना तो पाठ झाला नव्हता.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दोघंही एकदम बाहेर पडलात," ती म्हणाली.

"हो. पण ते आत्ता महत्त्वाचं नाहीये."

"मी विचारलं होतं."

"अगं, पाचच्या आत मला—"

"माझी बस साडेसहाची आहे. आठ वाजतील. सायकल आली का?"

"आली. तिच्यावरच बसलोय."

"चला, सुरुवात तरी झाली," असं म्हणून तिने फोन ठेवला.

किल्लीवाल्याला फोन लावला तर तो सहाच्या आत मोकळा नव्हता. मग डॉक्टरांना आठवलं की वडिलांकडे त्यांची स्वतःची किल्ली असते. डॉक्टरांच्या वडिलांना सगळी इमारत आजोबा म्हणायची. आजोबा रोज दुपारी दोनला वाचनालयात जायचे आणि सहाला परतायचे, घड्याळ लावून घ्यावं इतके नेमाने. डॉक्टरांनी त्यांना फोन लावला. दोघांना बंद दारामागे तो वाजताना स्वच्छ ऐकू आला.

"घ्या! फोन घरीच विसरून गेले," डॉक्टर म्हणाले.

"आजोबांचं वय झालं आता," शंकाराव म्हणाले. तीन ओळींना तीन दिवस लावणाऱ्या या गृहस्थांना इथे एकही शंका आली नाही.

वाचनालय दहा मिनिटांवर होतं. डॉक्टर घरातल्या चपलांवरच निघाले. जाताना फोन शंकारावांना देऊन गेले.

शंकारावांना फक्त एक नंबर पाठ होता, ऑफिसचा. तिथून नवीच्या टेबलावर फोन जोडून मिळाला. पण तोंडी हरकतीला किंमत नव्हती. हरकत लेखीच हवी, तीही स्वतःच्या लॅपटॉपवरून, हेही शंकारावांनीच ठरवलेलं. आता एकच वाट उरली होती. नवीने आपण होऊन बदल मागे घ्यायचा.

"मागे घेऊ?" नवीचा आवाज चढला. "सर, तीन आठवडे मी रिकाम्या ओळी मोजतेय. पहिल्या पंधरा हरकतींत एक तरी चूक निघाली का माझी? सांगा ना."

"नाही निघाली."

"मग सोळावीत निघेल हे कशावरून मानू? आज गेलं नाही तर पुढची आवृत्ती चार महिन्यांनी. घरी सगळ्यांना सांगून बसलेय मी."

शंकारावांना वाईट वाटलं. रिकाम्या ओळींवर आपण सात हरकती घ्यायला नको होत्या, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं. माणसाने इतक्यांदा उगाच आरडाओरडा केल्यावर खऱ्या वेळी त्याचं कोण ऐकणार? त्यांनी डिस्क आणि मेमरीचं पुन्हा समजावून सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं.

"पण सर, प्रत्यक्षात असं होत नाही ना. दोघं एकाच क्षणी—"

"अगं, मी आत्ता जिन्यात बसलोय."

"काय?"

"जिन्यात. सायकलच्या खोक्यावर. डॉक्टरांचा फोन आहे हा." आणि मग शंकारावांनी सगळं सांगितलं. माझी किल्ली त्यांच्या घरात. त्यांची माझ्या घरात. मी निर्धास्तपणे दार ओढलं, कारण ते घरी आहेत. त्यांनी निर्धास्तपणे ओढलं, कारण मी घरी आहे. खट, खट. माझं दार उघडायला त्यांचं दार उघडावं लागेल, आणि त्यांचं उघडायला माझं.

पलीकडे कागदावर पेनाने काहीतरी काढल्याचा आवाज आला.

"तुमचं दार म्हणजे डिस्क," नवी हळूच म्हणाली.

"धर."

"त्यांचं मेमरी. आणि हे... अय्या, सर! हे तर कधीच सुटणार नाही!"

"तेच म्हणतोय मी दुपारपासून!" शंकाराव खोक्यावरून उठून उभे राहिले. बाहेर अडकल्याचा एवढा आनंद आजवर कुठल्याही माणसाला झाला नसेल. तीन आठवड्यांत हजारो शब्द लिहून जे जमलं नव्हतं ते एका जिन्याने केलं होतं. तेवढ्यात खालून डॉक्टर घामाघूम होऊन धावत वर आले.

"वाचनालय बंद आहे! रंग लावतायत! बाबा तिथे नाहीत!"

"मग कुठे आहेत?"

"तेच तर! फोन द्या इकडे. दवाखान्यांत विचारतो आधी."

शंकारावांनी फोन कानाशी घट्ट धरला होता. घड्याळात चार पस्तीस झाले होते. इकडे म्हातारा माणूस बेपत्ता, तिकडे अकरा टन आइस्क्रीम. क्षणभर त्यांची मूठ सुटेना.

"देतो, देतो. अगं, मला फोन सोडावा लागतोय. तू काय करतेस ते—"

"काढला, सर. मागे घेतला. बटण दाबलं," नवी म्हणाली.

शंकारावांनी सुटकेचा निःश्वास टाकून फोन पुढे केला, डॉक्टरांनी तो हिसकावला, आणि गडबडीत बोट लागून तो स्पीकरवर गेला. त्याच क्षणी डॉक्टरांच्या घराचं दार आतून उघडलं.

दारात आजोबा उभे होते. अंगात बनियन, डोळ्यांवर झोप.

"बाबा! तुम्ही घरात?"

"काय?"

"घरात कधी आलात?"

आजोबांनी खिशातून कानाचं यंत्र काढून कानात बसवलं. "सव्वादोनला. वाचनालयाचं रंगकाम काढलंय त्यांनी. तू आत मॅच बघत होतास, म्हटलं कशाला त्रास द्या. झोपलो जरा."

"अहो, मग फोन वाजला तेव्हा उचलायचा ना!"

"यंत्र खिशात होतं," आजोबा म्हणाले. "आत्ता चहासाठी उठलो, तर घरात कुणी नाही. तुम्ही दोघं बाहेर काय करताय?"

डॉक्टर तडक आत गेले आणि खुंटीवरची किल्ली घेऊन आले. शंकारावांचं दार उघडायला चार सेकंद लागले. जिन्यात पुन्हा सगळं पूर्ववत झालं. फक्त डॉक्टरांच्या हातातल्या फोनमधून आवाज येत होता.

"सर? हॅलो, सर? आत कुणीतरी होतं का?"

शंकारावांनी डोळे मिटले. फोन बंद करून टाकावा असा मोह त्यांना झाला. पण हा माणूस शंकेखोर असला तरी खोटारडा नव्हता.

"होतं," त्यांनी कबूल केलं. "डॉक्टरांचे वडील होते. झोपले होते."

"म्हणजे सुटलं."

"सुटलं."

"म्हणजे प्रत्यक्षात तसं होत नाही. मी हेच म्हणत होते." नवीच्या आवाजात पुन्हा धार आली. "सर, पाचला अजून वीस मिनिटं आहेत. घालू परत?"

शंकाराव दारातून आत बघू शकत होते. टेबल, लॅपटॉप, लुकलुकणारा कर्सर, सगळं पाच पावलांवर होतं. आता पळत जाऊन हरकत पाठवता आली असती. पण पाठवून ती पटली नसतीच, आणि न पटलेली सोळावी गोष्ट तिच्या गळ्यात मारण्याची त्यांना लाज वाटली.

"घाल," ते म्हणाले. "खुशाल घाल. फक्त प्रत्येक मशीनमध्ये एक आजोबा घालून दे."

नवी हसली. आधी थोडं, मग पोटभर. "नाही घालत, सर," ती हसू आवरत म्हणाली. "पुढच्या वेळी बघू." आणि तिने फोन ठेवला.

"मशीनमध्ये मला कशाला घालताय?" आजोबांनी विचारलं. त्यांना समजावून सांगण्याइतकी ताकद दोघांतही उरली नव्हती. सगळ्यांनी मिळून सायकल आत नेली.

आठ वाजता बायको आली. तिने पर्स ठेवायच्या आधी दारामागचा कागद काढला, कलम एक खोडलं आणि दोन्ही जादा किल्ल्या तळमजल्यावरच्या शिंपिणीकडे नेऊन दिल्या. शंकाराव म्हणाले, "पण शिंपीणही जर नेमकी त्याच वेळी—" बायकोने फक्त सायकलकडे बोट केलं. ते मुकाट्याने तिच्यावर जाऊन बसले.

चार महिन्यांनी नवीचा बदल पुन्हा आला. कुलपांचा क्रम सगळीकडे सारखा केलेला होता, आधी डिस्क, मग मेमरी. शंकारावांनी तो दोन दिवस वाचला. रिकाम्या ओळींकडे त्यांनी, सवय मोडत, काणाडोळा केला. शेवटी मात्र बारा ओळींचा एक वेगळाच तुकडा होता. कुठली कामं एकमेकांत अडकून पडली आहेत का ते बघायचं, असतील तर एकाला दामटून त्याचं कुलूप सोडायला लावायचं, इतकंच त्याचं काम. वर टीप होती, 'क्रम बरोबर आहे. तरीही असावं, म्हणून. याला आजोबा म्हणावं.'

शंकारावांना बरं वाटलं. पण हात शिवशिवत होतेच. त्यांनी एकच हरकत लिहिली, 'यंत्र इतकं अडकलं असेल की कुणाची हाक आजोबांपर्यंत पोचतच नसेल, तर?'

पाच मिनिटांत उत्तर आलं.

'सर, हाकेवर काही अवलंबून ठेवलेलं नाही. तुम्ही दारावर थापा मारून, फोन वाजवून कुठे उठले होते ते? चार चाळीसला चहासाठी उठले. तसंच केलंय. दर दहा सेकंदांनी यांच्या चहाची वेळ होते.'

शंकारावांनी ते उत्तर तीनदा वाचलं. चौथ्यांदाही वाचलं. मग नोकरीत पहिल्यांदाच एकही शंका उरली नाही म्हणून त्यांना जरा भीती वाटली, आणि त्यांनी मंजुरी देऊन टाकली.